भाड्याची कपाटं

चित्रकलेवरचा लेख, आणि त्यात चित्रच नाही. लेखक एका कॅनव्हासवरच्या निळ्या पट्ट्याबद्दल दोन परिच्छेद लिहितो, वाचकाला आकृती 3 पाहायला सांगतो, आणि आकृती 3 च्या जागी राखाडी चौकट असते. चौकटीत बारीक अक्षरांत लिहिलेलं, की हक्कांच्या कारणास्तव प्रतिमा देता येत नाही. एम.एफ.ए.ची एक विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली होती. “मॅडम, माझ्याच मशीनवर असं दिसतंय का हो?” तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. तिचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं आमचं. ती राखाडी चौकट आम्ही डॉलर मोजून घेतली होती, आणि तीही विकत नाही, वर्षाच्या भाड्यानं.

सव्वीस वर्षं मी महाराष्ट्रातल्या एका कला महाविद्यालयात ग्रंथपाल होते. तेवढ्या काळात कला-नियतकालिकांच्या ऑनलाइन डेटाबेसची वर्गणी भरण्याचा विषय चार वेळा ग्रंथालय समितीपुढे आला, आणि चारही वेळा निर्णय बैठकीच्या आधीच झालेला होता. मार्च महिना, निधी पडून आहे, 31 तारखेच्या आत युटिलायझेशन सर्टिफिकेट जायला हवं. पुस्तकं घ्यायची तर प्राध्यापकांच्या शिफारशी, तीन कोटेशनं, बिलं तपासणं, दाखल नोंदवहीत एकेक पुस्तक चढवणं. डेटाबेस घ्यायचा तर विक्रेता एकच, हे उत्पादन फक्त आमच्याकडेच मिळतं असं त्याचं एक पत्र, आणि एक चेक. आठ दिवसांत पैसे संपतात. त्यातून नॅकची पीअर टीम येणार असेल तर बोलायलाच नको. अहवालात ई-रिसोर्सेसचा रकाना असतो आणि तो भरण्याच्या घाईत कोण वाचणार, काय वाचणार, हे कुणी विचारत नाही. मी विचारलं तर, “मॅडम, तुम्हाला टेक्नॉलॉजी नको आहे का?” असं तोंडावर म्हटलं गेलं.

मला टेक्नॉलॉजी हवी आहे. मला सूची हवी आहे, उत्तम सूची हवी आहे. ‘आर्ट इंडेक्स’ हे ग्रंथपालनातलं थोर काम आहे असं मी मानते. हॅल्सी विल्यम विल्सन हा मिनियापोलिसमध्ये विद्यापीठातल्या मुलांना पुस्तकं विकणारा दुकानदार. नव्यानं छापलेली पुस्तकं कोणती, हे एका जागी सापडत नाही म्हणून त्यानं 1898 मध्ये स्वतःच सूची काढायला घेतली. त्यातून कंपनी उभी राहिली, पुढे ती न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात गेली, आणि 1929 पासूनच्या कला-मासिकांची सूची म्हणून ‘आर्ट इंडेक्स’ निघू लागला. कुठल्या मासिकाच्या कुठल्या अंकात, कितव्या पानावर, कोणत्या चित्रकाराबद्दल काय आलं आहे, हे लेखकाच्या नावानं शोधा किंवा विषयाच्या नावानं. माणसं अंक हातात घेऊन, वाचून, एकेक नोंद करत होती. नोंद करणाऱ्याच्या कष्टांना जेवढा मान द्यावा तेवढा थोडा.

विल्सननं दर कसा लावला तेही पाहण्यासारखं आहे. सूचीतली मासिकं ज्या ग्रंथालयाकडे जास्त, त्याला सूचीचा उपयोग जास्त, म्हणून त्यानं जास्त पैसे द्यायचे. ज्याच्याकडे चारच मासिकं येतात, त्यानं कमी. एका सूचीचे सगळ्यांना सारखेच पैसे लावले असते तर लहान गावातल्या ग्रंथालयांना ती कधीच घेता आली नसती, हे त्याला कळत होतं. आणि खंड घेतला की तो तुमचा. पुढच्या वर्षी वर्गणी जमली नाही तरी मागचे खंड तुमच्या कपाटात उभे.

2011 मध्ये विल्सन कंपनी एब्स्को ह्या डेटाबेस विकणाऱ्या कंपनीनं घेतली. तसलीच दुसरी कंपनी प्रोक्वेस्ट 2021 मध्ये क्लॅरिव्हेटनं 530 कोटी डॉलरला घेतली. कलेच्या नियतकालिकांचे मोठे व्यापारी डेटाबेस आज एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या कंपन्यांच्या ताब्यात आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये क्लॅरिव्हेटनं जाहीर केलं, की ई-पुस्तकं आणि डिजिटल संग्रह एकदाच पैसे भरून कायमचे विकत घेण्याची सोय बंद होणार, पुढे फक्त वर्गणी. ग्रंथपालांनी ओरड केल्यावर मुदत 2026 च्या मध्यापर्यंत पुढे ढकलली. निर्णय मात्र मागे घेतला नाही. म्हणजे ग्रंथालयानं मालक व्हायचंच नाही, पिढ्यान्‌पिढ्या भाडं भरत राहायचं. घरात राहणाऱ्या भाडेकरूला महाराष्ट्रात 1999 चा भाडे नियंत्रण कायदा तरी आहे. ग्रंथालयाच्या पाठीशी काहीच नाही.

हे मी वर्तमानपत्रात वाचून सांगत नाही. एका वर्षी आमचं अनुदान अडलं. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा स्क्रीनवर संदेश: आपल्या संस्थेची मुदत संपलेली आहे. त्याआधीची सलग सहा वर्षं आम्ही पैसे भरले होते. त्या सहा वर्षांच्या पैशांचं एक पान, एक ओळ आमच्याकडे उरली नाही. करारात शोधलं तर कायमस्वरूपी वापराचं कलम नव्हतंच. ते घालून घ्या असं मी लेखी दिलं होतं. त्या पत्राची पोच माझ्याकडे अजून आहे.

आणि त्याहून वाईट गोष्ट त्याच्या दोन वर्षं आधी घडली होती. वाचनकक्षात कॉम्प्युटरसाठी जागा हवी होती. परदेशी कला-मासिकांचे बांधीव खंड भिंतीला लागून होते. कापडी पाठीचे, सोनेरी अक्षरांचे, आमच्याच बाइंडरनं तीस-चाळीस वर्षं सांभाळून बांधलेले. “ते सगळं आता ऑनलाइन आहे ना?” असं विचारलं गेलं. सगळं नाही, आणि आहे ते आपलं नाही, असं मी म्हणाले. समितीनं ते खंड निर्लेखित केले. टेम्पो आला, वजनकाटा लागला, रद्दीचा भाव ठरला. माझ्या हातून त्या निर्लेखनाच्या यादीवर सही झाली, कारण सही करणं माझं काम होतं. त्या सहीचं मला आजही वाईट वाटतं. आता डेटाबेसही नाही आणि खंडही नाहीत. भिंतीला लागून जुने झालेले कॉम्प्युटर आहेत.

ते खंड गेले म्हणजे नुसता मजकूर गेला असं ज्यांना वाटतं त्यांनी कला-मासिक कधी हातात धरलेलं नाही. कथा-कवितांच्या मासिकात शब्द राहिले तर पुष्कळसं राहतं. कलेच्या मासिकात छपाई हाच अर्धा पुरावा असतो. कुठलं चित्र रंगीत छापलं, कुठलं काळ्या-पांढऱ्यात, कोणत्या चित्रकाराला पूर्ण पान मिळालं, कुणाला तळाचा कोपरा, मुखपृष्ठावर कोण, शेवटच्या पानांत कुठल्या गॅलरीची जाहिरात. त्या काळचा बाजार, मान-अपमान, रुची, सगळं तिथे असतं. डेटाबेसमध्ये मजकुराचं नुसतं टंकन असतं तेव्हा हे सगळं पुसलं जातं. पानांचे फोटो असतात तिथेही पुष्कळदा मूळ प्रतच तोकडी असते, कारण बाइंडिंग करताना मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकायची सवय जगभरच्या ग्रंथालयांना होती. आम्हीही ते केलं आहे. मायक्रोफिल्मवरून स्कॅन केलेलं असेल तर रंग गेलेलाच.

चित्रं का गळतात, ह्याचं कारण सरळ आहे. लेखाचा हक्क एकाकडे, चित्राच्या छायाचित्राचा दुसऱ्याकडे, चित्रकाराच्या वारसांचा तिसराच. छापील अंकासाठी घेतलेली परवानगी डेटाबेसला आपोआप लागू होत नाही. ती नव्यानं मिळवायला माणूस लागतो, पत्रव्यवहार लागतो, पैसा लागतो. जो पैसा आमच्याकडून घेतला जातो तो इथे खर्च होत नाही, चौकट राखाडी करून मोकळं होतात. लेखांचंही तेच झालं. न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध टासिनी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये निकाल दिला, की मुक्त लेखकांचे लेख त्यांच्या संमतीशिवाय डेटाबेसमध्ये घालता येणार नाहीत. निकाल न्यायाचा होता, लेखकाला त्याचे पैसे मिळायलाच हवेत. पण प्रकाशकांनी काय केलं? पैसे देण्याऐवजी ढिगानं लेख काढून टाकले. समीक्षा बहुतेक मुक्त लेखकच लिहितात. ‘पूर्ण मजकूर’ ह्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या वस्तूतून नेमकं काय गळलं आहे ह्याची यादी मी विक्रेत्याकडे तीनदा मागितली. तीनदा मला चकचकीत माहितीपत्रक मिळालं.

आता आपल्याकडे येते. ती राखाडी चौकटीवाली विद्यार्थिनी दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांवर प्रबंध लिहीत होती. दलाल मूळचे मडगावचे. 1945 पासून त्यांनी ‘दीपावली’ काढलं. मराठी घरांत चित्र म्हणून जे पहिल्यांदा शिरलं, त्यातला केवढा तरी भाग दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून आला. तिनं आमच्या डेटाबेसमध्ये दलालांचं नाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहून पाहिलं. काही नाही. ‘दीपावली’ नाही, ‘मौज’ नाही, ‘सत्यकथा’ नाही. चित्रकार धुरंधरांनी 1940 मध्ये ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ लिहिलं. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या इतिहासाचं ते आतून लिहिलेलं साधन आहे. पण त्यांच्या काळी मराठी मासिकांत त्यांच्याबद्दल काय छापून येत होतं, हे शोधायची सोय आमच्या डेटाबेसमध्ये नव्हती. हजारो मैलांवरच्या लहानशा प्रदर्शनावरचं परीक्षण एका क्षणात सापडतं, आणि 1857 पासून मुंबईत चालत आलेल्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांवर त्यांच्याच भाषेत लिहिलेलं काही सापडत नाही.

चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपूरला जन्मले, मुंबईत शिकले, 2001 मध्ये गेले. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यानंतर त्यांच्यावरच्या इंग्रजी नोंदी आमच्या डेटाबेसमध्ये भराभर येऊ लागल्या. ‘चिन्ह’सारख्या मराठी वार्षिकानं गुगनहाइमच्या कितीतरी आधी गायतोंड्यांवर पानंच्या पानं दिली होती. त्यातलं एक अक्षर तिथे नव्हतं. हे वगळणं कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. सूचीत कोणती मासिकं घ्यायची हे तिकडचं संपादक मंडळ ठरवतं, तिकडच्या ग्रंथालयांची मागणी बघून ठरवतं, आणि त्याला मराठी वाचता येत नाही. पण विद्यार्थ्याच्या मनावर परिणाम व्हायचा तोच होतो. जे शोधून सापडत नाही ते झालंच नाही असं तो धरून चालतो. मी असे प्रबंध पाहिले आहेत, ज्यांत मुंबईच्या चित्रकारावरच्या साठ संदर्भांत एकही मराठी नाही. मार्गदर्शकांनी ते मंजूर केले आहेत. मला त्या मार्गदर्शकांचा राग येतो.

केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना आली तेव्हा मला वाटलं, आता तरी हा प्रश्न कुणी मुळातून हातात घेईल. नोव्हेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं, 6,300 हून अधिक संस्था. एकत्र येऊन भाव पाडणं हे योग्य पाऊल आहे, ते मी मान्य करते. पण योजना सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रातली किती तरी कला महाविद्यालयं खाजगी संस्थांची आहेत, त्यांतली बरीच विनाअनुदानित. फाउंडेशन, ए.टी.डी., जी.डी. आर्टची मुलं तिथे शिकतात, शेतकऱ्यांची, रंगाऱ्यांची, फलक रंगवणाऱ्यांची मुलं. ती दाराबाहेरच राहिली. आणि 6,000 कोटी देताना त्यातला कणभर वाटा भारतीय भाषांतल्या नियतकालिकांच्या सूचीसाठी वेगळा काढा, असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

भाव पाडायचा तर आधी भाव कळायला हवा. आमच्या करारात गुप्ततेचं कलम होतं. शेजारच्या शहरातल्या कॉलेजनं त्याच वस्तूचे किती दिले हे मला विचारता येत नव्हतं, त्यांना सांगता येत नव्हतं. अमेरिकेत काही अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या माहितीच्या कायद्याखाली विद्यापीठांकडून असे करार मागवले आणि 2014 मध्ये त्यावर शोधनिबंध छापला. नियतकालिकांच्या त्याच गठ्ठ्यासाठी सारख्याच प्रकारची विद्यापीठं फार वेगवेगळे पैसे मोजत होती, हे त्यातून उघड झालं. ज्याला घासाघीस जमली त्याला स्वस्त, ज्याला नाही त्याला महाग. आपल्याकडे 2005 पासून माहितीचा अधिकार आहे. जनतेच्या पैशानं केलेला करार जनतेपासून लपवायचं कारण काय? ज्या ग्रंथपालांच्या हातात असे करार आहेत त्यांनी गुप्ततेच्या कलमावर सही करायला नकार द्यावा. विक्रेता निघून जाईल ही भीती खोटी आहे. दोनदा मी अडून बसले, दोन्ही वेळा तो कमी भाव घेऊन परत आला. तिसऱ्या वेळी मला बैठकीला बोलावलंच नाही.

फुकट मिळणारं उत्तम साधनही आम्ही वापरत नाही, ह्याचा मला वेगळा संताप आहे. गेटी संशोधन संस्थेनं कलेतिहासाची आपली मोठी ग्रंथसूची, 1975 ते 2007 पर्यंतच्या नोंदींची, 2010 मध्ये सगळ्यांसाठी विनामूल्य खुली केली. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयानं जुनी कला-मासिकं पानापानानं, चित्रांसकट, कुणालाही पाहता येतील अशी ठेवली आहेत. गुलाम मोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर ह्यांनी बडोद्याहून 1969 ते 1973 मध्ये काढलेलं ‘वृश्चिक’ हाँगकाँगच्या एशिया आर्ट अर्काइव्हनं असंच खुलं केलं. त्याच संस्थेनं दक्षिण आशियातल्या कलालेखनाची सूची केली, तीत मराठी नोंदी आहेत. आमच्या कॉलेजात मी ह्या चार गोष्टींचा एक तासाचा वर्ग घेऊ द्या म्हणून दोन सत्रं मागे लागले होते. वेळापत्रकात जागा नाही, असं उत्तर मिळालं. ह्या सगळ्याला एक रुपया लागत नाही, म्हणून विकायला कुणी येत नाही, म्हणून समितीपुढे विषय येत नाही.

आपली सूची आपण करायची, तर ती करता येते ह्याचा पुरावा आपल्याच घरात आहे. शंकर गणेश दाते ह्यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, पुढे 1950 पर्यंत आणली. त्यांच्यामागे 530 कोटी डॉलर नव्हते. त्यांच्या नावाच्या मंडळानं 1950 पर्यंतच्या मराठी नियतकालिकांची सूचीही हाती घेतली. 2013 मध्ये शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड निघाला, सुहास बहुळकर आणि दीपक घारे ह्यांच्या संपादनाखाली. महाराष्ट्राच्या चित्र-शिल्पकारांवरचं एवढं काम एका ठिकाणी आधी कुठे होतं? दाते आणि हे कोशकार डोळ्यांसमोर असताना, एका डेटाबेसच्या एका वर्षाच्या भाड्यात दोन शिकाऊ सूचीकारांचा पगार निघत असताना, ते भाडं आपण निमूट भरतो आणि दलालांचं मुखपृष्ठ कोणत्या सालचं हे सांगू शकत नाही.

निवृत्त झाल्यावर मी गप्प बसले नाही. तीन माजी विद्यार्थी आणि मी दर शनिवारी एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात बसतो. तिथले ग्रंथपाल सकाळी दहाला माडीची किल्ली देतात. ‘सत्यकथा’ 1982 मध्ये बंद झालं, तिथून मागे येत आम्ही प्रत्येक अंकाची नोंद करतो: मुखपृष्ठ कुणाचं, आतली रेखाटनं कुणाची, कलेवरचा लेख असेल तर त्याचं नाव, लेखक, पान. मुखपृष्ठाचा फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढतो, म्हणजे आकार कळतो. प्रत्येक नोंद देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्हीकडे जाते. ती दलालांवर लिहिणारी मुलगी आता एका शाळेत चित्रकला शिकवते, ‘दीपावली’चा भाग तिच्याकडे आहे. 1960 च्या आधीच्या अंकांत तिला खिंडारं लागली आहेत, आणि आहेत त्या अंकांतही पुष्कळांची मुखपृष्ठं बाइंडिंगमध्ये गेलेली. घराच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजीच्या कपाटात कुणाकडे त्या काळातले ‘दीपावली’चे अंक मुखपृष्ठासकट असतील, तर ते रद्दीत देऊ नका. आम्हाला ते न्यायचे नाहीत. एक दुपार टेबलावर ठेवून पाहू द्या, फोटो काढू द्या, आणि मग ते परत तुमच्या कपाटात ठेवा.